शालीच्या चकत्या

त्या गल्लीत काकांना ओळखत नाही असं घर नव्हतं, कारण त्या गल्लीत कधी ना कधी बिघडलं नाही असं वॉशिंग मशीन नव्हतं. दुरुस्तीला आणून टाकलेली काही मशीनं मालक परत न्यायला यायचेच नाहीत. ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साठत गेली आणि एक दिवस काकांनी त्यांतल्या तीन मोटारी काढून एकमेकींकडे तोंडं करून बसवल्या. प्रत्येकीच्या टोकाला लोखंडी पाइपाची वाटी, तिन्ही वाट्यांच्या मधोमध दगड. मोटारींना मागून स्प्रिंगा, म्हणजे दगड झिजेल तशा त्या आपणहून पुढे सरकायच्या. वर टांगलेल्या रंगाच्या डब्याच्या तोटीतून थेंब थेंब पाणी, आणि मधूनमधून घासपुडीचा एक चमचा. आधी जाड पूड, मग मध्यम, मग बारीक. टायमर जुन्या मशीनचाच होता, त्यामुळे दगड जरा वेळ डावीकडे गरगरायचा, थबकायचा, मग उजवीकडे. कपडे धुवावेत तसे काका दगड धुवायचे आणि ओबडधोबड धोंड्याचा गोल गरगरीत गोळा व्हायचा.

याचा उपयोग काय, असं विचारणारे भेटतच. काका त्यांना उलट विचारत, “आणि तुमचा काय आहे?”

पहिला गोळा घेऊन ते मोठ्या तोऱ्यात स्वयंपाकघरात गेले होते. गोळा गोल होता, गुळगुळीत होता आणि चुलीतल्या राखेसारखा मळकट होता. काकूंनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, हा बटाटा आहे.”

काकांचं तोंड एवढंसं झालं. पण काकूंना तो बटाटा काही सोडवेना. महिन्याभरात स्वयंपाकघराशेजारची सामानाची खोली रिकामी झाली, तिथं तीन छोट्या मोटारींचं दुसरं मशीन आलं आणि चकाकीचं खातं काकूंनी आपल्याकडे घेतलं. काकांनी गोल करायचं, काकूंनी उजळवायचं, अशी वाटणी ठरली ती कायमचीच.

चकाकीचं काम मोठं तऱ्हेवाईक. तिथं वाटीला आतून मऊ अस्तर लागतं आणि अस्तरावर पॉलिशची पांढरी पूड. शेडमधल्या जाड पुडीचा एक कण जरी त्यात गेला तरी गोळ्यावर मांजरानं नख मारल्यासारखे ओरखडे उठतात आणि सगळं काम पुन्हा बारीक पुडीपासून. काकांच्या तर भुवयांतसुद्धा पूड असायची. म्हणून काकूंचा नियम होता: शेडच्या चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, नखं ब्रशनं घासायची, शर्ट बदलायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. काका दारात दिसले की त्या आतूनच ओरडत, “आलं वाळवंट! तिथंच थांबा.”

अस्तरासाठी काकूंनी काय काय करून पाहिलं. चामडं लावलं, दाबलेल्या लोकरीचा नमदा लावला, जुनं ब्लँकेट फाडलं. प्रत्येक वेळी गोळ्यावर आरशावर श्वास सोडावा तसा धूसरपणा राहायचा. शेवटी त्यांच्या तपकिरी लोकरी शालीचं कसरीनं खाल्लेलं टोक त्यांनी कापलं आणि त्याच्या चकत्या वाट्यांत चिकटवल्या. त्या दिवशी गोळ्यात खिडकी उतरली. खिडकीचे गज एकदाही न तुटता गोळ्यावरून वाकून गेले पाहिजेत, ही काकूंची परीक्षा. त्या परीक्षेत शाल पास झाली आणि मग दर काही गोळ्यांमागे शाल थोडी थोडी आखूड होत गेली. थंडीत उरलेली शाल खांद्यावर टाकून त्या मशीनपाशी बसायच्या. म्हणायच्या, “पांघरायला काय, कोणीही पांघरतं.”

मागच्या थंडीत काकू गेल्या. फार दिवस काढावे लागले नाहीत, एवढंच. त्यानंतर काका शेडमध्ये बसायचे, पण मशीन चालू करायचे नाहीत. आजूबाजूच्यांनी आयुष्यभर त्या घरघरीच्या तक्रारी केल्या होत्या. आता समोरच्या शिंपीणबाई येऊन चक्क म्हणाल्या, “काका, जरा लावत जा हो ते. झोप लागत नाही.” काका नुसते हसले. सामानाच्या खोलीचं दार बंदच राहिलं.

आणि मग लेक आली. जावयाला दूर देशी नोकरी लागली होती. जाण्याआधी चार दिवस माहेरी म्हणून ती आली आणि पहिल्याच सकाळी शेडच्या फळीवरून चकाकीविना राखाडी दिसणारा एक गोळा उचलून उभी राहिली.

“बाबा, हा आईचा ना?”

काकांनी मान हलवली. तो दगड काकूंनी स्वतः निवडला होता, एका सहलीत, कोरड्या नदीच्या पात्रातून. गर्द हिरवा, अंगावरून एक पांढरी रेघ गेलेली. काका तेव्हा म्हणाले होते, “टाक तो. यात चीर आहे, मशीनवर टिकायचा नाही.” काकू म्हणाल्या होत्या, “माझ्या माहेरचे तुमच्याबद्दल हेच म्हणत होते.” दगड पदरात बांधून घरी आला. काकांनी तो जपून गोल केला, बारीक पुडीपर्यंत आणला आणि काकूंचं दुखणं सुरू झालं.

“हा मला न्यायचाय,” लेक म्हणाली. “पण असा नाही. यात खिडकी दिसली पाहिजे.”

काकांना नाही म्हणता येईना. त्यांनी हात धुतले, नखं घासली, शर्ट बदलला, डोक्यावरून आंघोळ करून घेतली आणि बंद दार उघडलं. काकूंच्या वाट्या मशीनला लावल्या, पांढरी पूड घातली आणि बटण दाबलं. तासाभरानं गोळा खिडकीपाशी नेला. गज दिसत होते, पण प्रत्येक गजावर ओरखडे.

काकांनी गोळा परत शेडमध्ये नेला, पुन्हा बारीक पुडीवर घासला, पुन्हा आंघोळ. खोलीची फरशी पुसली, मशीन पुसलं, पूड नवी उघडली. पुन्हा ओरखडे. तिसऱ्या खेपेला शालीच्या वाट्या बाजूला ठेवून चामडं लावून पाहिलं, तर ओरखडे नव्हते, पण तो जुना श्वास गोळ्यावर येऊन बसला. आणि दर वेळी घासण्यात गोळा थोडा लहान होत होता. पांढरी रेघ मुळात वरवरचीच. ती आता एका जागी सुतासारखी झाली होती. आणखी एकदा तेवढंच घासलं तर ती जाणार, हे दोघांनाही दिसत होतं. रेघ गेली की तो कुठलाही हिरवा दगड.

लेक स्टुलावर बसली. लहानपणी याच स्टुलावर बसून तिनं आईची बोलणी ऐकली होती. ती म्हणाली, “बाबा, या वाट्या इतके दिवस कुठं होत्या?”

“कुठं म्हणजे? माझ्याजवळ.”

बोलून गेल्यावर काकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

वाट्यांचा डबा शेडमध्ये होता. काकू गेल्यावर काकांना या खोलीत पाऊल टाकवेना, म्हणून दार लावून घेण्याआधी त्यांनी दारातूनच हात घालून फळीवरचा तो डबा उचलला आणि शेडमध्ये आपल्या शेजारी ठेवला. सोबत म्हणून. बसल्या बसल्या झाकण उघडायचे, एखादी वाटी काढायचे, तिच्या लोकरीवरून अंगठा फिरवायचे. जाड पुडीनं भरलेला अंगठा. आयुष्यभर ज्या अंगठ्याला काकूंनी उंबऱ्याबाहेर थोपवलं, तोच काकांनी त्यांच्या वाटीत घातला होता. लोकरीत शिरलेला कण धुऊन निघत नाही. हे काकूंनीच त्यांना शंभरदा सांगितलं होतं.

“नव्या चकत्या लागतील,” लेक हळूच म्हणाली. शाल कुठं आहे हे तिनं विचारलं नाही. सकाळी अंथरूण आवरताना तिला ती काकांच्या उशीखाली स्वच्छ फडक्यात घडी घालून ठेवलेली दिसली होती. “राहू दे बाबा. मी असाच नेते. बटाटा म्हणून.”

जेवणं झाली. जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं, मीठ समोरच होतं. मग काका आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. लेकीनं दाराच्या फटीतून पाहिलं. शाल मांडीवर घेऊन ते पलंगावर बसले होते आणि तिच्यात तोंड खुपसलं होतं. ती मागे सरकली आणि उगीचच भांडी घासायला लागली.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात शाल होती आणि दुसऱ्या हातात काकूंची कात्री.

“तू काप,” ते म्हणाले. “माझे हात नकोत.”

“बाबा, नक्की?”

“अगं, तिचं सगळं गेलं. हा एक वास राहिलाय. तो उशीखाली ठेवून मी काय करणार? रोज थोडा उडतोच आहे.” त्यांनी शाल तिच्या हातात दिली. “निदान कामाला तरी लागू दे.”

लेकीनं वाटी उपडी ठेवून खडूनं तीन वर्तुळं काढली आणि कात्री चालवली. चकत्या गोल आल्या. जुनं अस्तर खरवडून, वाट्या धुऊन तिनं त्या आत चिकटवल्या. काका पुन्हा शेडमध्ये गेले आणि गोळ्यावर बारीक पुडीचा अगदी हलका हात फिरवून आले. आले ते कोपरापर्यंत धुतलेले, बदललेल्या शर्टात, आणि उंबऱ्याशी येऊन सवयीनं थांबले. आतून कोणी ओरडलं नाही. मग ते आत आले.

मोटारी फिरायला लागल्या. डावीकडे, थांबून उजवीकडे. पांढऱ्या पुडीत लोकर भिजली आणि घासण्याच्या उष्णतेनं हळूहळू गरम होत गेली. आणि गरम, ओल्या लोकरीतून वास सुटला. केसांच्या तेलाचा, साबणाचा, आणि ज्याला नाव नाही पण त्या दोघांना अंधारातही ओळखता आला असता असा. उशीखाली तो नाक खुपसून शोधावा लागायचा. इथं तो सगळ्या खोलीत पसरला. जणू काकू आत्ताच उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

लेकीनं काकांचा दंड धरला. दोघंही हलली नाहीत.

“बंद करू का?” थोड्या वेळानं तिनं विचारलं. गोळा केव्हाच झाला असणार.

“राहू दे जरा,” काका म्हणाले.

वास विरत गेला आणि शेवटी नुसत्या ओल्या लोकरीचा राहिला, तेव्हा काकांनीच बटण बंद केलं. गोळा पुसून खिडकीपाशी धरला. हिरव्या दगडावरून गज वाकून गेले, एकही तुटला नव्हता. पांढरी रेघ केसाएवढी उरली होती, पण होती.

लेक गेली त्या दुपारी काकांनी शालीची उरलेली घडी उचलली आणि काकूंच्या खोलीतल्या फळीवर, झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवली. मग शेडमधले राखाडी गोळे एकेक करून नीट पाहिले आणि त्यांतला एक निवडला. संध्याकाळी समोरच्या शिंपीणबाईंनी वाळलेले कपडे काढता काढता कान टवकारले. मागच्या शेडमध्ये मोटारी फिरत होत्या.