जागेवर ठेवलेले पुस्तक

मित्रांनो, डिझेल इंजिनाची दुरुस्ती शिकवणारे मी एक जुने पुस्तक आहे, आणि आजच्याइतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. भाईंदरच्या एका सार्वजनिक वाचनालयात आज सकाळी मला रद्दीच्या ढिगात टाकले. दुपारी टेम्पो येणार होता.

एकवीस वर्षांपूर्वी मी इथे आले. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्यांनी मला घरी नेऊन नेऊन खिळखिळे केले. "हे काही कपाटात ठरत नाही," असे ग्रंथपाल लीलाधर सर कौतुकाने म्हणत. मीही जरा शेफारले होते. पुढे सगळे मोबाइलवर बघून शिकू लागले. माझा तोरा उतरला आणि अंगावर धूळ चढली.

दोन वर्षांपूर्वी इथल्याच किनाऱ्यावरच्या पाली गावच्या सुगंधाबाई आल्या. वय साठीला टेकलेले, शिक्षण सातवी. मासळी विकून झाली की त्या वाचनालयात येत. त्यांच्या मुलाची, दिपेशची, होडी इंजिन बंद पडून दीड दिवस समुद्रात अडकली होती. तो दीड दिवस त्या विसरू शकत नव्हत्या. पुढे होडी निघण्याआधी इंजिन आपणच तपासायचे, असे त्यांनी ठरवले होते. इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारा इंजेक्टर समजायला त्यांना महिना लागला. समजला तेव्हा त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की सगळे वाचक दचकले. आता आमचा इंधनपंपाचा धडा चालू होता आणि नारळी पौर्णिमा बारा दिवसांवर आली होती.

मग मी ढिगात कसे? इथला नियम असा, की वाचलेले पुस्तक टेबलावरच सोडायचे. संध्याकाळी आताच्या ग्रंथपाल रीमाताई ती पुस्तके वहीत टिपतात. पण आपला पसारा दुसऱ्याने आवरलेला सुगंधाबाईंना खपत नाही. त्या मला रोज पुसून कपाटात ठेवत. मासळीचा वास लागेल म्हणून घरीही नेत नसत. त्यामुळे दोन वर्षांत वहीत माझे नाव नाही, माझ्यात चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर नवा शिक्का नाही. त्यांचा चांगुलपणाच माझ्या मुळावर आला.

दुपारी गठ्ठ्याभोवती सुतळी आवळली गेली. आता आपला लगदा होणार की आपल्या पानांच्या पुड्या बांधणार, या विचाराने माझी गाळण उडाली.

तेवढ्यात सुगंधाबाई आल्या. कपाटापाशी थबकल्या.

"पोरी, माझा इंजिनाचा पुस्तक कुठं हाय?"

"मावशी, ते रद्दीत काढलंय. दोन वर्षांत कोणी वाचलंच नाहीये."

"कोनी वाचला न्हाय? मी रोज वाचतंय, नं रोज जागेवर ठेवतंय!"

रीमाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी सुतळी कापली. "मावशी, यापुढे टेबलावरच ठेवा. आवरायचं काम माझं."

सुगंधाबाईंनी मला छातीशी धरले.

मित्रांनो, मी बचावले. पण माझ्याखाली शिवणकामाचे एक पुस्तक होते. तेही कोणीतरी रोज वाचून जागेवर ठेवत असेल का? रीमाताईंनी ते दोनदा उलटून पाहिले. कोऱ्या चिठ्ठीवरून काही कळेना, आणि मागायलाही कोणी आले नव्हते. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी ते गेले.

माझी भीती अजून गेलेली नाही. तुमचे एखादे पुस्तक वाचनालयात असेल, तर त्याची चौकशी करा, ते घरी न्या, त्याचे नाव वहीत लिहायला सांगा. टेम्पो येतो तेव्हा आम्हाला तुम्हाला हाक मारता येत नाही.