चहा राहिलेला पाहुणा

मियेनच्या स्कूटरवर मागे बसून आजवर बावीस देशांची माणसं व्हिएतनाममधलं ह्वे शहर खात हिंडली होती. त्यांपैकी एकोणीस देशांनी तिच्या पाठीवर रस्सा सांडला होता आणि एकाने लग्नाची मागणी घातली होती, तीही शेजारच्या स्कूटरवरच्या बाईला. तेव्हा पाहुणा या प्राण्याबद्दल आपल्याला काही नवं कळायचं राहिलं असेल, असं तिला वाटत नव्हतं.

काम सोपं होतं. संध्याकाळी सहाला पाहुणा उचलायचा, चार ठिकाणी खाऊ घालायचा, नऊला हॉटेलवर सोडायचा. मालक थिएप सायगॉनचा माणूस. त्याची एकच अट होती. निघण्याआधी पदपथावर उभं राहून फोनच्या कॅमेऱ्यात बघत आमंत्रणाची वाक्यं म्हणायची आणि ती चित्रफीत त्याला पाठवायची. "या, बसा माझ्या मागे. आज तुम्हाला पोटभर खाऊ घालते. लाजायचं नाही, माझं घर ते तुमचं घर." सातशे संध्याकाळी म्हणून म्हणून ही वाक्यं मियेनच्या तोंडून शिंक यावी तशी यायची.

पाचव्या चांद्रमासाच्या तेवीस तारखेला ती वाक्यं अशीच तोंडून निघाली.

त्या संध्याकाळी ह्वेमध्ये घराघरासमोर, पदपथावर टेबल मांडलेलं असतं. पेज, फुटाणे, फळं, उदबत्त्या. शेजारी पाण्याचा रांजण आणि लाकडांची शेकोटी. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी याच रात्री फ्रेंच फौजेपुढे राजवाडा पडला, माणसं पूर्वेच्या वेशीकडे धावली, चेंगरली, खंदकात बुडाली. रांजण तहानलेल्यांसाठी, शेकोटी ओल्यांसाठी. त्या मेलेल्यांना बोलावायचं ते घरातल्या वडीलधाऱ्याने, आणि जेवून झाल्यावर मीठ-तांदूळ फेकून निरोपही त्यानेच द्यायचा. बाकीच्यांनी गप्प बसायचं. त्या संध्याकाळी पोरांना जेवायला हाक मारतानासुद्धा माणसं रस्त्याकडे पाठ करतात.

मियेनला हे सगळं माहीत होतं. पण त्या दिवशीच्या स्वीडिश पाहुण्याने सहाला दहा मिनिटं असताना कळवलं, की हॉटेलातलं सँडविच बाधलंय, येत नाही. मालकाने लिहिलं, "पाहुणा नसला म्हणून काय, चित्रफीत पाठव." मियेन वैतागली आणि वैतागात माणूस जिथे उभा असतो तिथूनच बोलतो. ती एका शेकोटीसमोर, रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

"या, बसा माझ्या मागे. आज तुम्हाला पोटभर खाऊ घालते."

"नको नको, आत्ताच खाल्लंय," शेकोटीपलीकडून कुणीतरी म्हणालं.

आता ह्वेची माणसं पहिल्या आमंत्रणाला हो म्हणत नाहीत. दुसऱ्यालाही नाही. आणि समोरचा नको म्हणाला की पुन्हा आग्रह करायचा, हे इथल्या पोराला दात यायच्या आधी कळतं. मियेनच्या तोंडाने तिला न विचारता सांगून टाकलं, "असं कसं! या ना."

"कशाला उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? लाजायचं नाही, माझं घर ते तुमचं घर."

"बरं, एवढं म्हणताय तर," आवाज म्हणाला, आणि स्कूटरचं मागचं चाक दोन बोटं खाली दबलं.

मियेनने फोन खाली केला. मागच्या सीटवर एक किडकिडीत माणूस बसला होता. जुना लांब अंगरखा, डोक्यावर अंबाडा, आणि नखशिखांत ओला. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं आणि रस्त्यावर पडण्याआधीच नाहीसं होत होतं. त्याने गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून अशी बैठक मारली होती, की सातशे संध्याकाळींत इतका शहाणा पाहुणा तिने पाहिला नव्हता.

पळावं, असं तिच्या मनात आलं. पण पळायला स्कूटर लागते आणि स्कूटरवर तो बसला होता.

"तुम्हाला हाक काय मारू?" तिने विचारलं. वय कळल्याशिवाय बोलायचं कसं, ही पंचाईत आधी. दिसायला तो चाळिशीचा होता, हिशेबाने एकशे ऐंशीचा.

"काका म्हण, पोरी. आजोबा म्हटलंस तर उगाच म्हातारं वाटतं."

"नाव?"

"होतं एक," तो म्हणाला. "पाण्यात गेलं."

मियेनने त्याला कंपनीचं गुलाबी हेल्मेट दिलं. अंबाड्यावर ते बसेना, तेव्हा तिने पट्टा सैल करून बांधला. मान बर्फासारखी गार होती. सिग्नलला शेजारच्या लोकांना हवेत तरंगणारं, पट्टा बांधलेलं हेल्मेट दिसत असणार; पण ह्वेमध्ये दुसऱ्याच्या पाहुण्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिला मुक्काम लुआ आजींकडे. चहाच्या बशीएवढ्या वाट्यांत वाफवलेली तांदळाची नाजूक पोळी आणि वर कोळंबीचा चुरा. आजी त्या पदपथावर पंचेचाळीस वर्षं बसत होत्या आणि त्यांनी एकदाही कुणाचं कौतुक केलं नव्हतं.

"एकटीच आलीस? पाहुणा पळाला का तुझं ड्रायव्हिंग बघून?"

"दोन जणांचं द्या, आजी."

"दोन जणांचं खाणार? आधीच स्कूटरचे टायर रडतायत." आजींनी वाट्या मांडल्या. काका वाट्यांवर नुसता वाकला आणि डोळे मिटले. वाट्या होत्या तशाच भरलेल्या राहिल्या. मियेनने एक चमचा तोंडात घातला. ओला कागद चावल्यासारखं वाटलं. आजींनी तिचं तोंड पाहिलं, स्वतः एक घास घेतला आणि चमचा हळूच खाली ठेवला.

"कुणाला घेऊन आलीस गं, अवदसे?"

"मी नाही आणलं. मी नुसतं या म्हटलं."

"आज? रस्त्याकडे तोंड करून?"

मियेन वाट्यांकडे बघायला लागली.

"आणि घरात एकोणीस दिवसांचं पोर!" आजी कुजबुजल्या. कागदाच्या पुडीत मूठभर मीठ-तांदूळ बांधून त्यांनी ते तिच्या खिशात कोंबलं. "घराच्या रस्त्याला लागण्याआधी फेक. नाहीतर तुझ्या बहिणीला तोंड दाखवू नकोस."

घरात थोआताईचं बाळ होतं. त्याला अजून नाव नव्हतं. त्याला सगळे बेडकतोंड्या म्हणायचे, आणि बघायला येणारा प्रत्येक जण दारातूनच "शी, काय कुरूप पोर आहे!" असं ओरडून मग आत यायचा, म्हणजे ऐकणाऱ्या कुणाला ते उचलून न्यावंसं वाटू नये. गेल्या वर्षीचं पहिलं बाळ गोरंपान होतं, आणि शेजारीण त्याला गोंडस म्हणाली होती. ते अकराव्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलं. मियेनच्या आईने कागद वाचला, घडी केली आणि म्हणाली, "कुणीतरी मागे मागे आलं." ताई तेव्हापासून दाराकडे पाठ करून झोपत नसे.

दुसऱ्या मुक्कामी गवती चहाच्या रश्श्यातल्या शेवया. तिथे मियेनच्या तोंडून पुन्हा सवयीचं वाक्य गेलं, "काका, तिखट किती घालू?"

काकाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाहीतून पाणी ठिबकत राहिलं.

"दरवर्षी तेवीसला बोलावतात," तो शेवटी म्हणाला. "पातळ पेज देतात. गरम असते, नाही असं नाही. मग डोळ्यांत मीठ फेकतात आणि म्हणतात, जा. तिखट किती, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्याने विचार केला. "दोन चमचे घाल. बघू काय होतंय. मरण तर येऊन गेलंय."

मियेनला हसू आलं. ते आलं याचा तिला पुढे बरेच दिवस राग येत राहिला.

शेवया खाल्ल्यावर काकाच्या कानांतून वाफ निघाली आणि तो लहान पोरासारखा खूश झाला. राजवाड्यात तो दिवे पुसायचा. शेकडो दिवे. त्या रात्री तोफा सुरू झाल्या तेव्हा एक दिवा हातात होता, म्हणून तो तसाच घेऊन पळाला आणि खंदकात पडताना त्याला दिवा विझेल याचीच काळजी. "विझला," तो म्हणाला. "साहजिकच."

तिसऱ्या मुक्कामी, शिंपल्यांच्या भाताच्या गाडीमागे, मियेनने खिशातली पुडी काढली. काकाने पुडीकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला. ओली बाही चेहऱ्यासमोर धरली, डोळे मिटले आणि वाट बघत थांबला. दीडशे वर्षांची सवय.

तिने मीठ त्याच्याच भातात घातलं.

"थोडं कमीच होतं," ती म्हणाली.

"हो ना," काका बाही खाली घेत म्हणाला. मग भातावर वाकून, "पोरी, फेकलं असतंस तरी मी गेलो नसतो. ते न बोलावता जमलेल्यांसाठी असतं. मला तू तीनदा बोलावलंयस. बोलावलेला पाहुणा यजमानाच्या घरी चहा घेतल्याशिवाय उठत नाही. माझ्या आईने मला एवढं तरी शिकवलंय."

"घरी?"

"चटईवर बसायचं, एक पेला चहा. मग जायचं की राहायचं, ते घरातल्यांवर." त्याने तिच्या बाहीजवळ नाक आणलं. गार वारा आला. "दुधाचा वास येतोय. लहान मूल आहे वाटतं घरात? मला मुलं फार आवडतात. एवढ्या वर्षांत एकाला मांडीवर घ्यायला मिळालं नाही."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मियेनने नीट शोधून पाहिलं. एवढंसं काही सापडलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं.

चौथा मुक्काम तिने घेतलाच नाही. स्कूटर वळवली. पूर्वेच्या तटाजवळच्या गल्लीत एक फाटक आहे. जुन्या कुणा मानकऱ्याचं, दोन खांब आणि वर कौलं. मागचं घर कधीच पाडलं गेलं; आता मागे नुसतं गवत आणि दुसऱ्याच्या घराची मागची भिंत. पण समोरून, संध्याकाळच्या अंधारात, अगदी भरल्या घराचं वाटतं. तिने तिथे स्कूटर थांबवली.

"हे माझं घर, काका."

"वा," काका उतरून म्हणाला. त्याने अंगरखा खाली ओढला, बाही पिळली, अंबाड्याला हात लावायला गेला तर तिथे हेल्मेट. "नीटनेटका दिसतोय ना मी?"

"छान दिसताय. तुम्ही व्हा पुढे, मी स्कूटर लावून आलेच. इथे जागा नाही."

"यजमानाआधी आत कसं जायचं? तू ये लावून. मी थांबतो."

"आलेच हं," मियेन म्हणाली, आणि जी सुटली ती पूल ओलांडून घरापर्यंत थांबली नाही.

दारात आईने, बाहेरचं काही मागे येऊ नये म्हणून, निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं होतं. मियेन ते सात वेळा ओलांडून आत गेली. तळवे भाजले तरी पुन्हा ओलांडलं. बाळ रडत होतं. तिच्या मागे कुणी नव्हतं.

"केवढं कुरूप पोर आहे!" ती म्हणाली, आणि रडायला लागली. थोआताई म्हणाली, "अगं, इतकंही नाहीये."

दुसऱ्या संध्याकाळी नवा पाहुणा आला, जपानी, मुका वाटावा इतका शांत. मार्ग मालकाने ठरवलेला, आणि पहिल्या मुक्कामाकडे जाताना ती गल्ली लागतेच. फाटकाच्या खांबाजवळ माणसाच्या उंचीवर एक गुलाबी हेल्मेट टांगलेलं होतं. खिळा कुठे दिसत नव्हता. लोकांनी तो गृहीत धरला होता. हेल्मेटखाली, फक्त मियेनसाठी, काका उभा होता.

"आलेच हं, काका!" तिने वेग कमी न करता ओरडून सांगितलं. "जागाच मिळत नाहीये!"

काकाने समजुतीने मान हलवली. या शहरात स्कूटर लावायला जागा मिळत नाही, हे मेलेल्यांनाही ठाऊक आहे.

मग रोजच. जर्मन मागे असो, कोरियन असो, "जागा मिळत नाहीये" हे वाक्य आमंत्रणासारखंच तिच्या तोंडी बसलं. पाहुण्यांना वाटायचं, ही इथली प्रार्थना असावी. एक डच बाई तर तिच्यामागोमाग ते म्हणू लागली. मालकाने एकदा मार्ग बदलू का म्हणून विचारलं, तर नको असं मियेनच म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नाही. एखाद्या संध्याकाळी कुणीच सांगितलं नाही तर तो शोधत निघेल, ही भीती होती. नुसती तेवढीच होती असं मात्र नाही.

बाळाला महिना पूर्ण झाला. गोडाधोडाचं जेवण झालं, बाळाला खरं नाव मिळालं आणि ते गुबगुबीत झालं. लुआ आजी येऊन बघून गेल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." त्यांच्या तोंडून ते कौतुकच होतं. आई रात्री दिवा मालवून झोपायला लागली. ताई दाराकडे पाठ करून झोपायला लागली. मियेन झोपेत मधूनच बोलायची, पण काय ते कुणाला नीट कळायचं नाही.

त्यानंतर महिन्याभराने एका संध्याकाळी पावसाची भुरभुर होती. फाटकासमोर एका लग्नाच्या वऱ्हाडाने स्कूटरी लावल्या होत्या, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरशाला आरसा चिकटून. मियेनने लांबूनच तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

स्कूटरींच्या त्या रांगेत, बरोबर फाटकापुढे, एका स्कूटरपुरती जागा मोकळी होती. लोक स्कूटर घेऊन तिथवर येत, पुढचं चाक आत घालत, मग अंगावर काटा आल्यासारखे मागे घेऊन दुसरीकडे जात. मोकळ्या जागेच्या मधोमध काका दोन्ही हात पसरून उभा होता. किती वेळ उभा असेल कोण जाणे. हेल्मेट एका बाजूला कललं होतं. तिला पाहताच तो एवढा हसला, की तिला त्याचे दात पहिल्यांदाच दिसले. त्याने घाईघाईने एका बाजूला सरून, ओल्या बाहीने जमीन झटकली आणि हाताने दाखवलं: ये.

मियेनने आरशात पाहिलं. मागचा पाहुणा फोनमध्ये गुंतला होता. तिच्या हाताने ब्रेक दाबला की वेगाची मूठ पिळली, हे तिला क्षणभर कळलं नाही.

मूठ पिळली होती. गल्ली संपेपर्यंत ती समोर बघत राहिली. सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिने काही सांगितलं नाही. वळणावर मात्र आरसा आपोआप मागचं दाखवतो, त्याला कुणी काही करू शकत नाही. काका अजून हात हलवत होता, आणखी जोरात, टाचा उंचावून, तिला जागा दिसली नाही असं समजून.