मीनाकाराची थकलेली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. सोलापुरात विजापूर वेशीजवळ नबीसाब मीनाकारांच्या दुकानात, खिडकीखाली माझी जागा. भाकरीच्या डब्याएवढीच आहे मी, पण पोटात आग भारी. नबीसाब रुपयाएवढ्या तांब्याच्या चकतीवर पांढरा मीना चढवतात. मीना म्हणजे काचेची बारीक पूड. ती भाजून घट्ट झाली, की त्यावर दोन केसांच्या कुंचल्याने माणसाचा चेहरा रंगवतात. दर रंगाला माझ्या पोटातून जावंच लागतं. असे हजारो चेहरे मी भाजले. लोक ते लॉकेटमध्ये घालून छातीशी बाळगत.

पुढे गिऱ्हाईक आटलं. आता कपावर पाच मिनिटांत फोटो छापून मिळतो. नबीसाब थकले, मीही थकले. माझी कॉइल, म्हणजे विजेवर तापणारी तार, मध्येच मंद व्हायची, मध्येच भडकायची. त्यांच्या पत्नी मुमताजबी म्हणायच्या, "अहो, कॉइल बदला की."

"चालतंय अजून," एवढंच उत्तर.

मागच्या हिवाळ्यात केम गावाहून रंभाबाई आल्या. आईमागं ज्या थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं, ती सोनाबाई नुकतीच वारली होती. तिचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. नबीसाबांनी वीस दिवस खपून तो हुबेहूब उतरवला. चार भाजण्या नीट झाल्या; मधे एकदा रंभाबाई येऊन बघूनही गेल्या. शेवटच्या भाजणीला माझी कॉइल भडकली. रंग उकळले, चेहरा काळवंडला. आत मला सगळं कळत होतं; पण भट्टीला ओरडता येत नाही.

रंभाबाई चकती न्यायला आल्या, तेव्हा नबीसाबांनी ती जळकी चकतीच पुढे ठेवली. "ताई, चूक माझी हाय. भट्टी बिघडलीय ते मला ठाऊक होतं. मी आळस केला."

रंभाबाईंनी चकती उचलून पदराने पुसली. "चाचा, खरं सांगू? मागच्या खेपेला बघितलं तवाच वाटलं, ही माजी आक्का न्हाय. तुमी एवढं खपलेला, म्हणून बोलले न्हाय."

"मग कशी होती ती?"

"लई हसायची. हसताना डावा डोळा बारीक व्हायचा. पुढचा दात तुटका, म्हणून तोंडावर पदर धरायची."

सांगता सांगता त्या हसल्या, आणि त्यांचाच डावा डोळा बारीक झाला. नबीसाबांनी घाईने कागद ओढला. "अशाच ऱ्हावा, ताई. हलू नका."

दुसऱ्या दिवशी मला नवी कॉइल बसली. पुन्हा वीस दिवस, पुन्हा पाच भाजण्या. रंभाबाईंनी नवी चकती तळहातावर घेतली आणि तिच्याशीच बोलल्या, "पदर सोड की, आक्का. बघू दे तोंड."

नबीसाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मित्रांनो, कॉइल नवी असली तरी मी जुनीच आहे. दोन भाजण्यांनंतर दम लागतो. पण आता नबीसाब आधी माझी तार तपासतात, मगच चकती आत ठेवतात. तुमच्याही घरात कुणी न बोलता राबत असेल. ते बंद पडेपर्यंत थांबू नका. आजच जवळ जाऊन बघा.