गाडीतला गॅस आणि अण्णांचं बोट

अण्णांना स्वस्थ बसता येत नसे. हा काही रोग नव्हे, असं ते स्वतः म्हणत. पण त्यांच्या शेजारी दहा मिनिटं बसून बघा, म्हणजे कळेल. सदतीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. दोर तुटेल का, ब्रेक धरेल का, दार मध्येच अडकेल का, या प्रश्नांचाच पगार घेतला. निवृत्त झाल्यावर लिफ्ट गेल्या, प्रश्न मात्र घरी राहायला आले. शेगडी बंद केली का, हे ते तीनदा बघत. कुलूप लावून असं काही ओढत, की एकदा कडीच उखडून हातात आली होती.

आता तर जिवाला घोर लागायला खरंच कारण होतं. माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दोन वर्षांपूर्वी नसांचा आजार जडला. एरवी त्या काठी टेकत घरभर फिरत, स्वयंपाक करत, अण्णांना चार शब्द सुनावत. पण अंगात उष्णता चढली की पायांतलं बळ जाई आणि डोळ्यांपुढं धुकं येई. गारव्यात बसवलं की तासाभरानं पुन्हा ठीक. त्यामुळं उन्हाळ्यात बाहेर पडणंच बंद. दोन उन्हाळे त्यांनी खिडकीशी बसून काढले, कुरकुर केली नाही. या वर्षी मात्र एक गोष्ट मागितली. त्यांची थोरली बहीण, अक्का, चार तासांवरच्या गावात राहायची. तिचा मुलगा तिला कायमची परदेशी घेऊन चालला होता, सोमवारचं विमान. अक्का शहात्तरची, माई अडुसष्टच्या. ही भेट शेवटची, हे दोघींना ठाऊक होतं आणि फोनवर दोघीही तो विषय काढत नव्हत्या.

"मला गुरुवारी अक्काकडे न्या," माई म्हणाल्या. "बाकी काही नको."

न्यायचं म्हणजे गाडीतून, आणि गाडी एकोणीस वर्षांची. पुतण्यानं सुचवलं की भाड्याची नवी गाडी करा, एसी कसा फ्रिजसारखा असतो. अण्णा उखडलेच. परक्याच्या एसीच्या भरवशावर माईला सोडू? त्याची देखभाल कुणी केली, कधी केली, काही पत्ता आहे का? आपल्या गाडीचं कसं, सगळं डोळ्यांसमोरचं. थंडीच्या दिवसांतही दर रविवारी दहा मिनिटं ते एसी चालवत, आतली रबरं सुकू नयेत म्हणून. पुढच्या जाळीत अडकलेली पानं हातानं काढत, जाळी हलक्या धारेनं धुवत, धुळीची गाळणी वेळच्या वेळी बदलत. इतकं कुणी स्वतःच्या दातांचंही करत नाही.

आणि तरीही यंदा गॅस टिकेना.

गाडी जायची गारठाबाईकडे. पन्नाशीची बाई, गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात हात धरणारं कुणी नाही, आणि बोलणं असं की समोरचा गार पडावा. नाव त्यावरूनच पडलं होतं. तिनं उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅस भरून दिला. तीन आठवड्यांत हवा कोमट. तिनं पुन्हा भरला, सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. आणखी आठ दिवसांनी अण्णा पुन्हा दारात. गारठाबाईच्या कपाळाची शीर तटतटली. आपण भरलेला गॅस असा उडून जातो म्हणजे काय? तिनं तिसऱ्यांदा गॅस भरला आणि सोबत एक रंग सोडला. हा रंग साध्या उजेडात दिसत नाही. निळ्या टॉर्चखाली मात्र हिरवागार चमकतो. गॅस जिथून निसटेल तिथं रंगाचा डाग पडणार. तो दिवस शनिवार होता. बुधवारी सकाळी या, ती म्हणाली, चोर पकडून देते.

शनिवार ते बुधवार! अण्णांच्या पायाला भिंगरी लागली. ते गच्चीवर जात, खाली येत, गाडीभोवती फेरी मारत. आणि रोज सकाळ-संध्याकाळ एक काम न चुकता करत, ते त्यांनी या उन्हाळ्यातच सुरू केलं होतं. बॉनेट उघडायचं. एसीच्या नळीवर एक छोटं झाकण असतं, ते फिरवून काढायचं. खाली सायकलच्या ट्यूबला असते तशी पिन. ती बोटानं जराशी दाबायची. फुस्स आवाज आला, बोटाला गार लागलं, की गॅस आहे. मग झाकण लावायचं आणि वर जाऊन माईंचं मनगट धरून विचारायचं, आज पायांत बळ आहे ना?

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. लहान पोरालाही कळेल. सदतीस वर्षं यंत्रं तपासलेल्या माणसाच्या मात्र डोक्यात हे शिरलं नाही, कारण आपण बघतो तेव्हा काही जातं, असं त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. बघणारा तो चांगला माणूस, एवढंच त्यांना ठाऊक.

बुधवारी सकाळी माईही निघाल्या. ऊन चढायच्या आत परत येऊ म्हणाल्या. गुरुवारचं होणार की नाही, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. अण्णांनी निघण्यापूर्वी पिन दाबली. फुस्स जरा अशक्त आलं. त्यांनी घाईघाईनं झाकण लावलं. तसेच वर गेले आणि माईंना मनगटाला धरून एकेक पायरी खाली आणलं.

गारठाबाईनं माईंना आत पंख्यापुढं स्टूल दिलं, शटर अर्धं खाली ओढलं, पिवळा चष्मा चढवला आणि निळा टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये वाकली. पुढची जाळी कोरडी. कॉम्प्रेसर कोरडा. सांधे, नळ्या, अगदी आतल्या पाण्याच्या नळीचं टोकसुद्धा कोरडं. अण्णा मागून सूचना देतच होते, इकडे बघितलं का, तिकडे बघितलं का. शेवटी तिनं ते छोटं झाकण काढलं, आणि पिनेभोवती लख्ख हिरवं कडं दिसलं.

"पिन!" अण्णांचा जीव भांड्यात पडला. दोन मिनिटांचं काम. ही बदला, हीच, असं म्हणत त्यांनी दाखवायला हात पुढं केला, आणि तो हात टॉर्चच्या उजेडात आला.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत हिरवं होतं, आणि झाकण फिरवून फिरवून अंगठा आणि बाकीची बोटंही. गारठाबाईनं टॉर्च वर नेला. शर्टाचा खिसा हिरवा. मिशीचं उजवं टोक हिरवं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रोज दाबता?" तिनं विचारलं.

"दोनदा. फक्त बघायला."

"काय बघायला?"

"आहे का ते."

गारठाबाईनं झाकण पुन्हा घट्ट बसवलं. या बोटापायी तिनं साबणाचं पाणी लावलं, रंग सोडला, रात्रीची झोप घालवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! "अण्णा, गळती सापडली," ती म्हणाली. "आता बोटासकट घरी घेऊन जा तिला."

हे बोलताना ती माईंकडे वळली, हसायला सोबत मिळेल म्हणून, आणि हातातला टॉर्चही वळला. माईंच्या मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा, हिरवेगार, ठसे घेतल्यासारखे उमटले होते. कुणीच हसलं नाही. माईंनी त्या ठशांकडे नीट बघून घेतलं आणि बाही खाली ओढली.

पिन बदलली, गॅस भरला. मी सांगेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही, हे गारठाबाईनं अण्णांना नव्हे, माईंना बजावलं.

गुरुवारी पहाटे निघाले. एसी असा चालला की माईंनी गुडघ्यांवर शाल घेतली. अण्णांना आनंद व्हायला हवा होता. पण हात एसीच्या झरोक्यापाशी जाई, आवाज थोडा बदलला की मान वाकडी होई, आणि दर पाच-दहा मिनिटांनी तोच प्रश्न. गार लागतंय ना? पाय कसे आहेत? दिसतंय ना नीट? समोरची पाटी वाच बरं. माईंनी तीन पाट्या वाचल्या. चौथी वाचली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडीचं झाकण काढायचं थांबवलंत ना? आता माझंही थांबवा."

"मी काय केलं?"

"रोज सकाळी तुम्ही विचारता, पायांत बळ आहे का. तोवर असतं. तुम्ही विचारलं की मला शोधायला लागतं."

अण्णांना राग आला. दोन वर्षं या बाईसाठी जिवाचं रान केलं, आणि वर हे ऐकायचं? बोलायला तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर पडलं. "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," माई म्हणाल्या. "पण माझी सांभाळून पुन्हा तुमचीही मीच सांभाळायची, इतकी ताकद नाही उरली माझ्यात."

त्या बाहेर बघायला लागल्या. पुढचा दीड तास अण्णांनी एकही प्रश्न न विचारता काढला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या मानेला रग लागली, जीभ टाळूला चिकटली. माईंना मात्र मध्येच डुलकी लागली.

अक्काचं घर रस्त्यापासून सहा पायऱ्या वर. अण्णा गाडीतून उडी मारून उतरले, वळसा घालून दार उघडलं आणि सवयीनं हात पुढं केला. माईंनी तो हात बाजूला केला नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं. अण्णांनीच मागं घेतला.

माईंनी काठी टेकली, कठडा धरला आणि चढायला लागल्या. एक. दोन. तिसरीवर डावा पाय घसटला. उन्हाची तिरीप थेट पाठीवर पडत होती. चौथ्या पायरीवर माई थांबल्या, खांदे वर-खाली होत होते. अण्णांनी दोन्ही हातांनी गाडीचं दार धरून ठेवलं, कारण हात मोकळे असते तर ते धावलेच असते. पाचवी. सहावी. वरचं दार उघडलं आणि अक्का बाहेर आली, माईंपेक्षाही वाकलेली, आणि दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. आधार कोण कुणाला देत होतं, सांगता आलं नसतं.

अण्णा पिशवी घेऊन वर गेले. ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, ही अर्धी, असं अक्काला समजावून सांगायला लागले.

"माझ्याच गोळ्या आहेत," माई म्हणाल्या. मग बहिणीचा हात न सोडता पुढचं सांगितलं. "मी इथं राहते. आत गारवा आहे, भाचा आहे. सोमवारी ही निघाली की मला न्यायला या. मध्ये फोन करू नका, मी करीन."

चार दिवस! विचारायच्या गोष्टी अण्णांच्या तोंडाशी रांग लावून उभ्या होत्या. पडलीस तर? रात्री उकाडा वाढला तर? फोन करायला विसरलीस तर? माई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं.

"बरं," अण्णा म्हणाले.

अक्कानं चहाला थांबा म्हटलं. ते नको म्हणाले, कारण थांबले असते तर विचारलं असतं. दार लागलं. ते पायऱ्या उतरून गाडीत बसले आणि किल्ली हातात घेऊन तसेच राहिले. वरच्या उघड्या खिडकीतून अक्काचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत, आणि त्यावर माई मोठ्यानं हसल्या. पुन्हा हसल्या, श्वास लागेपर्यंत. आपल्या घरात त्या अशा शेवटच्या कधी हसल्या, हे अण्णांना आठवेना. त्यांनी खूप आठवून बघितलं. मग गाडी सुरू केली आणि निघाले.