ठासणीची बंदूक आणि आमचा अबोला

गिऱ्हाइकासमोर नवऱ्याने "हिला घाई फार" म्हणावं आणि मी मुकाट ऐकून घ्यावं, एवढी काही मी सोशिक नाही. त्या दिवसापासून आमचा अबोला. जुन्या वस्तू नव्यासारख्या करून द्यायचा आमचा कारखाना एकच, टेबलं शेजारी, आणि दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

त्यातच थोरल्या नणंदेने घरातली जुनी ठासणीची बंदूक आणून दिली. भिंतीवर लावायची आहे, झकास करून द्या, म्हणाली. लाकडी दस्ता माझा, कारण लाकूड माझं. नळी, चाप, पितळी पट्ट्या ह्यांच्या. मी बंदूक सुटी केली, नळी ह्यांच्या टेबलावर ठेवली आणि मान फिरवून परत आले.

एरवी असं होत नाही. बार ठासायचा जो लांब लाकडी गज असतो, तो आधी नळीला बाहेरून लावून खूण करायची, मग आत सोडायचा. खुणेपर्यंत गेला नाही, तर आत बार भरलेला. एकाने बघून मोठ्याने "रिकामी" म्हणायचं, दुसऱ्याने "ऐकलं" म्हणायचं. हा आमचा दोघांचा नियम. पण त्यासाठी बोलावं लागतं ना!

मी दस्त्यावर पॉलिश पेपर घासत बसले. जुनं पॉलिश निघता निघेना, आणि राग त्याहून चिवट. मधल्या फळीपलीकडे बर्नर पेटला. नळीला तपकिरी रंग चढवायचा तर आधी ती तापवावी लागते. तापवा म्हटलं मनात, माझं काय जातंय.

मग गजाचं पितळी टोक उजळायला घेतलं आणि हात थबकला. गज सकाळपासून माझ्याच पायाशी पडला होता. मी तर नळी बघितली नव्हती. मग ह्यांनी कशाने बघितली?

हाका मारल्या, पण बर्नरच्या घरघरीत कोण ऐकतंय. मधल्या फळीला वळसा घालून धावले आणि सिलिंडरची तोटीच आवळली. ज्योत विझली. ह्यांच्या कपाळाला आठी.

"नळी तपासलीत?"

"तू नाही तपासलीस?"

नळी पार गार होईपर्यंत आम्ही दाराबाहेर उभे होतो. मग ह्यांनी बाजूला उभं राहून गज हळूच आत सोडला. खूण चांगली चार बोटं बाहेर राहिली. आत बार होता, कोणी कधी भरलेला देव जाणे.

नळीचं तोंड कुठे वळलंय ते ह्यांनी तेव्हा बघितलं. समोर ती पातळ फळी, आणि तिच्या मागे माझं स्टूल. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ओरडतील. उत्तर माझ्याही जिभेवर तयारच होतं.

"भांड," हे म्हणाले. "हवं तेवढं भांड. पण गप्प राहू नकोस गं."