दादाचं दार

"सरळ आहे का रे?" सुताराने बाहेरून विचारलं आणि लगेच जीभ चावली. आतून उत्तर द्यायला दादा होता कुठे?

"काय म्हणालात, भावजी?" वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. चौकट उभी करतोय."

दोघे भाऊ जन्मभर जोडीने दारं बसवत आले होते. दादा गवंडी, हा सुतार. दादाने भिंतीत जागा सोडायची, याने चौकट आणायची. हा बाहेरून पाचरी ठोकणार, दादा आतून ओळंब्याची दोरी सोडून चौकट सरळ आहे का बघणार. आणि दर वेळी तेच भांडण. जागा दोन बोटं जास्त!

"दादा, इथं दार बसवायचंय की हत्ती न्यायचाय?"

"मग तुझ्या पाचरींचं काय लोणचं घालू?"

हे घर दादाचं स्वतःचं. भिंती झाल्या, छप्पर झालं, फक्त दार राहिलं. तेवढ्यात तापाचं निमित्त झालं आणि माणूस गेला. त्या मोकळ्या जागेला ताडपत्री लावून वहिनी एकटीच राहत होती. सुतार आज बसवतो, उद्या बसवतो करत राहिला. कधी म्हणे लाकूड ओलं, कधी म्हणे बिजागऱ्या नाहीत. खरं कारण त्याच्या पोटातच होतं. दार लागलं की दादा कायमचा बाहेर राहणार.

शेवटी काल वहिनीच त्याच्या दुकानात आली. "हे येतात, भावजी. ताडपत्री हलते. हाक मारावी तर कोणी नाही. डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. वेड लागेल मला. पाया पडते, दार लावा."

आज सकाळीच तो चौकट घेऊन आला.

ही जागाही दोन बोटं जास्तच होती. सुताराला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. त्याने पाचरी ठोकल्या, आत जाऊन ओळंबा सोडला. दोरी हलायची थांबेना. वारा तर अजिबात नव्हता.

"दादा, हात काढ," तो पुटपुटला. "वहिनीला झोपू दे."

दोरी थांबली. त्याने चौकट पक्की केली, भेगा बुजवल्या, दार बिजागऱ्यांवर चढवलं आणि बाहेर येऊन उभा राहिला. वहिनीने आतून दार लोटलं. कुठे घासलं नाही, अडलं नाही.

"कडी घालून बघा, वहिनी."

कडी लागली. मग आतून हुंदका आला. बराच वेळ ती रडत होती. "छान बसलंय हो," ती म्हणाली. "या ना आत, चहा टाकते."

"नको. पडा तुम्ही जरा."

त्याने हत्यारांची पिशवी उचलली. त्याच्या शेजारी कोणीतरी बंद दाराकडे बघत उभं होतं. वळून बघायची त्याला गरजच वाटली नाही.

"चल दादा," तो म्हणाला. "आमच्याकडे चल."

दिवेलागणीला तो घरी पोचला. बायकोने दार उघडलं, तरी तो आत येईना. बाजूला सरून तिथेच उभा राहिला.

"अहो, या की आत. दार लावू दे मला."

"थांब जरा," तो म्हणाला. "दादाला आधी येऊ दे."