चौथ्या वाफ्याची चिठ्ठी

शाळांच्या बागांच्या स्पर्धेत बाग पहिली आली असती, तर वाफेसरांच्या पदरात काय काय पडलं असतं याचा हिशेब त्यांनी एकदा नाही, दहादा केला होता. उपमुख्याध्यापकाची रिकामी खुर्ची. खुर्चीसोबत स्वतःची खोली, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बेडकांच्या बरण्यांना सोबत घेऊन डबा खाणं बंद. आठवड्याचे सहा तास कमी. आणि सगळ्यांत मोठी प्राप्ती म्हणजे मेहुण्याचं तोंड बंद. "आमचे भावोजी भाजी पिकवतात, विज्ञान काय ते मधल्या सुट्टीत शिकवतात," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि सरांची बायकोही पदराआड हसायची. जगाचं हसणं माणूस विसरतो. ज्या विनोदाला बायको हसते तो वर्षानुवर्षं सलतो.

तोट्याच्या बाजूला सरांनी काहीच मांडलं नव्हतं. आपण तरी कुठे मांडतो?

खोटं कशाला बोला, मेहनत त्यांचीच होती. शाळेच्या मागे मोडकी बाकं आणि फुटकी कौलं टाकायची जागा होती. तिथले दगड मुलांबरोबर वेचून सरांनी सात वर्षांत तेरा वाफे उभे केले. पालापाचोळा कुजवून खत केलं. अळी पडली तर शाळा सुटल्यावर मुलं ती हाताने वेचायची आणि कुणाच्या डब्यात जास्त अळ्या यावर भांडायची. "या बागेत विषाचा थेंब पडणार नाही," हे वाक्य सर दर वर्षी नव्या मुलांकडून वदवून घेत. मुलांनीच त्यांना वाफेसर केलं होतं. खरं नाव हजेरीपटावर धूळ खात पडलं होतं.

बागेतली भाजी शाळेच्याच स्वयंपाकघरात जायची आणि दुपारी पाचशे ताटांत वाढली जायची. स्वयंपाकघर मावशींचं. मावशी तिथे एकोणीस वर्षं होत्या, आणि त्यांचे दोन नियम मुख्याध्यापकांनाही मोडता येत नसत. पहिला नियम चिठ्ठीचा. टोपलीबरोबर चिठ्ठी हवी : वाफा कुठला, त्यावर काय घातलं, कधी घातलं. चिठ्ठी नसली की टोपली उंबऱ्याबाहेर. दुसरा नियम त्यांनी स्वतःलाच घातलेला. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी मावशी स्टुलावर बसून रांधलेलं, चिरलेलं सगळं स्वतः खात. चाखत नसत, ताटभर जेवत. कुणी चिडवलं, की म्हणत, "पाचशे लेकरांआधी एक म्हातारी जेवली, तर कुणाच्या घरचं जातंय?"

सरांना जेवणाचं काही नव्हतं, पण चिठ्ठीचा कंटाळा यायचा. सात वर्षं रोज तेच : काही घातलं नाही, काही घातलं नाही. शेवटी हुशार माणूस करतो तेच त्यांनी केलं. एका रविवारी बसून सहीसकट दोनशे चिठ्ठ्या एकदम लिहिल्या, तारेत ओवल्या आणि अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगल्या. मुलांनी एक ओढायची, वाफ्याचा नंबर टाकायचा, टोपलीत ठेवायची. याला ते वेळेची बचत म्हणत.

मावशींच्या ते लगेच लक्षात आलं. अक्षर तेच, शाईही तीच. चिठ्ठी उलटसुलट करत त्या म्हणाल्या, "सर, ही शिळी वाटते."

"मावशी, शिळी भाजी असते. चिठ्ठी कुठे शिळी होते?"

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत, पण टोपली आत घेतली. माणूस सात वर्षं खरं बोलला, की आठव्या वर्षी त्याचं कुणी तपासत नाही.

स्पर्धेचे परीक्षक शुक्रवारी यायचे होते. सोमवारी चौथ्या वाफ्यावर अळी पडली. हा वाफा अगदी वाटेलगतचा, पालकाचा; येणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावर. दोन दिवसांत पानांची चाळण झाली. मुलांच्या परीक्षा चालू, वेचायला हात नाहीत. आणि परीक्षकांच्या तक्त्यात 'पानांची स्थिती' असा दहा गुणांचा रकाना होता. भोकं पडलेली पानं म्हणजे विष न घातल्याची खूण, हे तक्ता करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

बुधवारी संध्याकाळी शाळा रिकामी झाल्यावर सरांनी बाटली आणली. दुकानदाराने बजावलं होतं, फवारल्यावर पंधरा दिवस तरी पान तोंडात घालायचं नाही. हे औषध पानात शिरतं, धुतलं तरी जात नाही. सर म्हणाले, खायचा नाहीये, बघायचा आहे. ते खोटं बोलत नव्हते. शुक्रवार उरकला की वाफा उपटून टाकायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दिवस कमी, म्हणून माप दुप्पट घेतलं. पण वाफ्याला दोरी बांधली नाही, पाटी लावली नाही, कुणाला सांगितलंही नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? सात वर्षं जे वदवून घेतलं ते मुलांना तोंडपाठ होतं.

शुक्रवारी सकाळी सर रांगोळीसारखी वाट झाडण्यात गुंतले होते. पाचवीची मुलं विचारायला आली, सॅलडसाठी पालक कुठला काढू? सरांनी मान वर न करता सांगितलं, चांगला बघून काढा. मुलं आज्ञाधारक. बागेत सर्वांत चांगला पालक चौथ्या वाफ्यात होता. मधली कोवळी पानं, एकालाही भोक नाही; चाळण झालेली सरांनी आदल्या दिवशीच खुडून टाकली होती. त्यांनी टोपली भरली, तारेतली चिठ्ठी ओढली आणि तिच्यावर सुबक अक्षरात चारचा आकडा काढला.

मुख्याध्यापक आणि दोन परीक्षक यांच्यासोबत सर स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा पालक तीन पाण्यांनी धुऊन, काकडीबरोबर चिरून, लिंबू पिळून परातीत तयार होता. मावशी आपलं ताट घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. रिकाम्या टोपलीतली चिठ्ठी एका परीक्षकांनी उचलली आणि मोठ्याने वाचली : "वाफा चार. काही घातलं नाही." मग ते कौतुकाने म्हणाले, "प्रत्येक टोपलीला चिठ्ठी! सर, ही पद्धत सगळ्या शाळांनी घ्यायला हवी."

चार शब्दांचं काम होतं. मावशी, ते खाऊ नका. एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण सरांच्या डोक्यात तेवढ्यात सगळी आकडेमोड होऊन गेली : तीनदा धुतलंय, परवाचा फवारा, पानं थोडीच, पोटात जाऊन जाऊन किती जाणार. आणि परीक्षक हात पुढे करून उभे होते. सरांनी हात मिळवला. मावशींनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, नेहमीसारखं ताट स्वच्छ केलं.

परीक्षकांना पुढच्या शाळेत जायचं होतं, म्हणून मुख्याध्यापकांनी सांगितलं, आज अर्धा तास थांबू नका, पहिली रांग बसवा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मावशींचा नियम मोडला. पहिलीची रांग बसली. मावशी स्वतः वाढायला उठल्या, नऊ ताटं वाढली आणि दहाव्यापाशी त्यांच्या हातातला डाव खाली पडला. अंगाला घामाच्या धारा, तोंडातून लाळ, डोळ्यांपुढे धुकं. भिंतीला धरून त्या एवढंच म्हणाल्या, "वाढू नका. परात उचला." आणि मग बसल्या जागी कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी मावशींच्या डोळ्यांवर उजेड टाकला. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्यांनी विचारलं, भाजीवर काय फवारलं होतं? मुख्याध्यापकांनी अभिमानाने चिठ्ठी पुढे केली. डॉक्टर म्हणाले, "कागद राहू द्या. उपचार चालू केलेत, पण औषधाचं नाव कळलं तर नेमकं काही करता येईल."

सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना नाव ठाऊक होतं, माप ठाऊक होतं, वेळ ठाऊक होती. आतून नऊ लेकरांच्या उलट्यांचे आवाज येत होते. तरी ते उभेच राहिले. मग त्या नवांतल्या सगळ्यांत लहान मुलीची आई अनवाणी धावत आली आणि त्यांची बाही धरून म्हणाली, "सर, तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही होतात म्हणजे बरं."

तेव्हा सर बोलले. चाळीस मिनिटांनी! त्या चाळीस मिनिटांनी किती बिघडलं, ते डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. सरांनी दोनदा विचारलं होतं.

मुलं चौथ्या दिवशी घरी गेली. मावशीही वाचल्या. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांचे पाय लुळे पडू लागले आणि मग बोटं. पेला धरता येईना. डॉक्टर म्हणाले, काही विषं अशी मागाहून वसुली करतात. पाय कदाचित सावरतील, हातांचं सांगता येत नाही.

इकडे मुख्याध्यापक अहवाल लिहीत होते. त्यांनी सरांना दार लावून बसवलं आणि समजावलं, की शाळेची अब्रू आहे, बागेचं नाव आहे. "भाजी नीट धुतली गेली नाही, एवढंच लिहू. बाईंचं काम तसंही सुटलंच आहे. त्यांचं आता काय जाणार?" सर हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि अशा ठिकाणी ते हो म्हणण्यासारखंच असतं.

दोन दिवसांनी ते मावशींच्या घरी गेले. एकच खोली, खिडकीशी खाट. मावशींची लेक वाटीतून आईला भात भरवत होती. सरांना पाहून तिने वाटी खाली ठेवली आणि ती बाहेर गेली. सरांनी सगळं सांगितलं : बाटली, दुप्पट माप, तार, चिठ्ठ्या, अहवाल. मावशींनी मधे अडवलं नाही. शेवटी विचारलं, "मी ताट घेऊन बसले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

मावशींची नजर अर्ध्या राहिलेल्या भाताच्या वाटीवर गेली.

"सर, मी अडाणी बाई. पण भोक पडलेलं पान आलं, की माझा जीव भांड्यात पडायचा. अळी खाऊन जगली, म्हणजे लेकरंही जगतील. तुम्ही शिकलेले, तुम्हाला त्या भोकाची लाज वाटली."

सर म्हणाले, "वाटलं, पाण्याने जाईल."

"पाण्याने माती जाते. चिठ्ठी मी कशाला मागत होते? कागद चुलीत घालायला? मला दिसत नाही ते तुम्ही बघितलंय का, एवढंच मी रोज विचारत होते. तुम्ही दोनशे दिवसांचं उत्तर एका दिवशी देऊन मोकळे झालात." त्यांनी मांडीवरचे हात हलवायचा प्रयत्न केला. "आणि आता लिहिणार, म्हातारीनं धुतलं नाही. लिहा. मला वाचता तरी कुठे फारसं येतं? पण उद्या दुसरी बाई येईल त्या चुलीपाशी. ती बिचारी धूत बसेल, सर. दहा पाण्यांनी धूत बसेल, आणि विष वाफ्यावरूनच येत राहील."

सर खाली मान घालून रडले. मावशींनी त्यांना गप्प केलं नाही. ती सोयसुद्धा त्यांनी फुकट दिली नाही.

पालकसभेत मुख्याध्यापक अहवाल वाचायला उभे राहिले, तेव्हा सर मधेच उठले. म्हणाले, भाजी तीनदा धुतली होती. विष मी फवारलं. चिठ्ठी मी लिहिली, वाफा न बघता. मावशींनी आधी खाल्लं म्हणून नऊवर भागलं; नाहीतर पाचशे ताटं होती. सभेत एक आई उठून गेली, एका बापाने शिवी दिली. सरांनी ती ऐकून घेतली. अहवाल बदलला गेला.

वाचकहो, मुलांना स्वतः पिकवलेलं खाऊ घालण्यासारखं चांगलं काम नाही. पण ते बियाण्याने आणि खताने पुरं होत नाही. पान ताटात येईपर्यंत ज्याच्या ज्याच्या हातातून जातं, त्याने त्याने त्या दिवशी, त्या पानाकडे बघून खरं सांगितलं, तरच ते अन्न. आणि चूक झालीच, तर ती पहिल्या क्षणी मोठ्याने सांगावी. लाज वाटली तर वाटू द्यावी. लाजेने कुणाची बोटं लुळी पडत नाहीत.

आता जमाखर्च. परीक्षकांनी दुसऱ्या शाळेला पहिला नंबर दिला. मुख्याध्यापकांची बदली झाली, तीही बढतीवर. सरांची चौकशी झाली, एक वेतनवाढ रोखली गेली. ते अजून त्याच शाळेत शिकवतात. नऊ मुलांपैकी सात जण हिरवी भाजी खात नाहीत. आणि या सगळ्या मोठ्यांत ज्या एकाच माणसाची काही चूक नव्हती, ती खिडकीशी बसून असते. तिची लेक कामावरून येईपर्यंत तिला तहान लागली, तर ती वाट बघते.